गप्प बसलेल्यांची हरकत

थोरलीच्या जिभेपुढे वस्तीत कुणी टिकत नसे. जावई दारात आला की आधी चपला सरळ लावायचा, मग आत पाऊल टाकायचा. तिचा सख्खा धाकटा भाऊ सुतारकाम करायचा, त्याला सगळे सुतारच म्हणत. साठी उलटली तरी तिच्यासमोर तो खुर्चीत रेलून बसत नसे. पण हीच बाई परक्या माणसाला उभ्या जन्मात कधी उलटून बोलली नव्हती. त्यांच्यात तसा रिवाजच नव्हता. बोलणी खायची ती घरच्यांनी. परक्यानं भलतंच काही मागितलं तर त्याला पाणी द्यायचं, समोर बसायचं आणि गप्प राहायचं. मुलीला मागणी आली आणि स्थळ पसंत नसलं, तर घरातली सगळी माणसं जमिनीकडे बघत बसायची. पाहुणे पाणी पिऊन, काय ते समजून, उठून जायचे. भांडण नाही की तंटा नाही. हो म्हणायचं असेल तर तोंड उघडायचं, नाही म्हणायचं असेल तर मिटायचं. थोरलीनं हे पोरांच्या, सुनांच्या, नातवंडांच्या अंगात असं भिनवलं होतं की विचारता सोय नाही.

आणि नेमकी तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

नगरपालिकेला त्यांच्या केंद्राची जागा हवी होती. कशाला, तर बाजारात येणाऱ्या गाड्या उभ्या करायला. केंद्र म्हणजे काही राजवाडा नव्हता. तीन खोल्या, वर पत्रा आणि दारावर सुतारानं कोरलेली पाटी: आदिवासी समाजकेंद्र. पहिल्या खोलीत आठवड्यातून दोनदा नर्स यायची, म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर बघायची आणि मीठ कमी खा म्हणून ओरडायची. दुसरीत बायकांची शिवणयंत्रं. तिसरीत थोरलीची सून मुलांना त्यांची स्वतःची भाषा शिकवायची. तिथं भिंतभर फळा होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांना एखादा जुना शब्द आठवला की तो त्या फळ्यावर चढायचा आणि पुसायचा नाही, असा दंडक. आठ वर्षांत फळा भरला, आता शब्द चुन्याच्या भिंतीवर सरकायला लागले होते.

त्या तिसऱ्या खोलीवर थोरलीचा जीव होता, त्याला कारण होतं. पूर्वी ती इमारत वसतिगृहाची शाळा होती. सात वर्षांच्या थोरलीला घरातून उचलून तिथं नेऊन घातलं होतं. आपल्या भाषेत पाणी मागितलं म्हणून तिथल्या बाईंनी तिला खिडकीजवळच्या कोपऱ्यात दिवसभर उभं केलं. पाणी शेवटपर्यंत दिलं नाही. दोन वर्षांनी ती पळून आली ती पुन्हा गेली नाही, त्यामुळे अक्षर अक्षर जुळवून वाचण्यापलीकडे तिची मजल गेली नाही. आता त्याच कोपऱ्यात बसून तिची नात घसा फोडून शब्द वाचायची आणि थोरली काम नसताना दारात येऊन म्हणायची, "काय गं, जेवली नाहीस का? आवाज कुठाय?"

पहिल्या सुनावणीला वस्तीतली एकेचाळीस माणसं धुतलेले कपडे घालून गेली. नगरपालिकेचं सभागृह, वर गरगरणारे पंखे, समोर उंच टेबल. टेबलामागे अध्यक्ष आणि त्यांच्या बाजूला सभेतलं बोलणं लिहून घेणारी एक तरुण कारकूनबाई. अध्यक्षांनी ठराव वाचला आणि विचारलं, "कुणाची हरकत?"

एकेचाळीस माणसांनी माना खाली घातल्या.

"कुणालाच काही बोलायचं नाही?"

कुणी खोकलंसुद्धा नाही. अध्यक्षांनी तिसऱ्यांदा विचारलं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. थोरलीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, साहेब रुमालानं कपाळ पुसत होते. तिला वाटलं, लागलं वर्मी.

परत येताना वस्ती छाती पुढे काढून चालली. "काय तोंड झालं होतं त्याचं!" थोरली म्हणाली. "एकेचाळीस जणांचा नकार गिळायचा म्हणजे चेष्टा नाही."

पाचव्या दिवशी कागद आला. सुनेनं तो केंद्राच्या पायरीवर उभं राहून वाचला आणि तिचा आवाज बसला. "उपस्थितांपैकी कोणीही हरकत घेतली नाही. सबब ठराव एकमताने संमत."

"परत वाच," थोरली म्हणाली.

सुनेनं परत वाचला.

"एकमतानं? कुणाच्या?"

"आपल्या, आई. आपण गप्प बसलो ना. त्यांच्यात गप्प बसलेल्याला काही म्हणायचं नसतं."

थोरली पायरीवर टेकली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडायचं कुणावर? वस्तीला माना खाली घालायला कुणी शिकवलं होतं? तिनंच. आणि सभागृहात सगळ्यांच्या आधी मान खाली कुणी घातली होती? तीही तिनंच. घरातल्या कुणी केलं असतं तर तिनं त्याची सालटी काढली असती. स्वतःची कशी काढतात ते तिला ठाऊक नव्हतं.

सुनेनं कागद उलटापालटा केला. "अजून एक सुनावणी आहे, आई. शेवटची. दहा दिवसांनी. नावं आधी लिहून द्यायची, प्रत्येकाला तीन मिनिटं. आणि सभेच्या कागदावर हरकत चढली की हा ठराव पुढे जात नाही, इथंच अडतो. पण तोंडानं बोलावं लागेल."

"तोंडानं," थोरली म्हणाली.

सुतारानं पाटीच्या चौकटीवरून हात फिरवला. "ताई, परक्याच्या तोंडावर नाही म्हणायचं? आपल्या बापानं कधी म्हटलं नाही. इमारत राखायला रीत मोडायची, तर मग त्या इमारतीत पोरांना शिकवायचं काय?"

एरवी सुताराच्या तोंडून एवढं लांब वाक्य निघायला एक पाट तयार होण्याइतका वेळ जायचा. थोरली त्याच्याकडे बघत राहिली.

"बापासमोर जे बसायचे त्यांना गप्प बसणं वाचता यायचं," ती म्हणाली. "ह्यांना येत नाही. शिकलेले असून अडाणी आहेत बिचारे. अडाण्याला सोपं करून सांगावं लागतं."

"आणि चुकलं तर?"

"चुकले ते मागच्या वेळी. मी चुकले, समजलं? आता हे पुन्हा बोलायला लावू नकोस. जन्मात एकदाच कबूल केलंय." मग सुनेकडे वळून, "नावं लिही. एकेचाळीस. ह्याचंही लिही. बोलायचं नसेल तर नुसता उभा राहील खांबासारखा, लाकडाची सवय आहेच."

दहा दिवस थोरली घरात गुरगुरण्याऐवजी पुटपुटत होती. भांडी घासताना, चहा गाळताना, एकच शब्द. नाही. नातीनं विचारलं, "आजी, काय नाही?" तर म्हणाली, "तुला नाही म्हणत. सराव करतेय."

सुनावणीच्या दिवशी तेच पंखे, तेच टेबल. अध्यक्षांनी नावांचा कागद बघितला आणि भुवया वर गेल्या. "एकेचाळीस वक्ते? मागच्या वेळी तर कुणाचीच हरकत नव्हती."

पहिलं नाव थोरलीचं होतं. ती उठली. गुडघे कुरकुरले. समोर माईक होता, तो तिनं असा बाजूला सारला जसा ताटातला केस सारावा.

"साहेब," ती म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही तीनदा विचारलंत आणि आम्ही तीनदा नाही सांगितलं. आमच्यात परक्याला नाही म्हणताना तोंड उघडत नाहीत. त्याचा अपमान होऊ नये म्हणून. तुमचा मान ठेवला, आणि तुम्ही त्याचा होकार करून घेतलात. बरं, तुम्हाला माहीत नव्हतं. विचारलंत का पण? एकेचाळीस माणसं कपडे धुऊन, कामधंदा सोडून नुसती पंख्याची हवा खायला आली असतील, असं वाटलं तुम्हाला?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. अध्यक्ष घसा साफ करू लागले.

"थांबा, अजून आहे माझा वेळ. त्या इमारतीत मी सात वर्षांची असताना आपल्या भाषेत पाणी मागितलं म्हणून मला कोपऱ्यात उभं केलं होतं. तेव्हा तोंड उघडलं म्हणून शिक्षा. आता तोंड मिटलं म्हणून इमारत काढून घेताय. एकदा काय ते ठरवा ना! आम्ही तोंडाचं करायचं तरी काय?"

आता कुणी हसलं नाही.

"आज त्या कोपऱ्यात माझी नात बसते. भिंतीवर आमचे शब्द आहेत. तिथं तुम्ही गाडी उभी करणार. तर मी काय सांगते ते नीट ऐका, कारण मी हे परक्याला पहिल्यांदा सांगतेय आणि मला ते आवडत नाहीये." तिनं श्वास घेतला. दहा दिवस घासून गुळगुळीत केलेला शब्द तिनं बाहेर ढकलला. "नाही."

"आजी, वेळ संपला," अध्यक्ष म्हणाले.

"माझा संपला. हिचा सुरू झाला."

सून उभी राहिली. "नाही," म्हणाली आणि बसली. मग शिवणयंत्रवाल्या दोघी. मग जावई, मग त्याचा भाऊ. अध्यक्षांनी हात वर केला. "सगळ्यांचं म्हणणं एकच असेल तर एकत्र नोंद घेऊ. वेळ वाचेल."

थोरली बसल्या जागेवरून म्हणाली, "मागच्या वेळी आमचं गप्प बसणं एकत्र बांधून घेऊन गेलात. आज सुटं सुटं न्यायचं."

मग एकेक जण उठला. कुणी पुटपुटलं, कुणी दणकून म्हणालं. शेवटी सुतार उरला. तो उभा राहिला, ओठ हलले, आवाज नाही. सगळं सभागृह त्याच्याकडे बघत होतं. थोरलीनं मान वळवली नाही. तिनं वळवली असती तर तो खाली बसला असता, हे दोघांनाही माहीत होतं.

"नाही," सुतार म्हणाला. अगदी हळू, जसा खिळा पहिल्या ठोक्याला बसतो तसा.

अध्यक्षांनी खूण केली. कारकूनबाईनं कागद छापला आणि सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला. तोवर थोरली टेबलापाशी पोचलीसुद्धा होती.

"आधी मी वाचणार."

"आजी, प्रत घरी पाठवू."

"घरी आलेला कागद ऐकलाय मी. त्यानंच इथवर यावं लागलं." तिनं चष्मा लावला. "बसा सगळे. मला वेळ लागतो."

आणि तिनं वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. अक्षराला अक्षर जोडत, बोट ठेवत. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. ती थांबली, त्यांनी मान वर करेपर्यंत वाट बघितली, आणि मागच्या शब्दापासून पुन्हा धरलं. "का-ही... उप... उपस्थितांनी... ना-रा-जी... व्यक्त केली."

तिनं चष्मा काढला. "नाराजी?"

कारकूनबाई गोरीमोरी झाली. "तशी लिहायची पद्धत असते, आजी."

"नाराजी म्हणजे जावयाला चहा थंड मिळाला की होते ती. आम्ही चहाला आलो होतो का? आणि 'काही' कोण? मोज. तुझ्यासमोर उठलेत सगळे."

पोरीनं अध्यक्षांकडे बघितलं. ते फाइलीत काहीतरी शोधत होते, जे तिथं नव्हतं. तिनं नवा कागद घेतला आणि हातानंच लिहायला लागली. एकेचाळीस नावं. प्रत्येकापुढे: हरकत. नाही म्हणाले. थोरलीनं तेही अक्षर जुळवून वाचलं. एकेचाळीस नावं वाचायला तिला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात एकही माणूस जागचा हलला नाही. मग तिनं कागद अध्यक्षांपुढे ठेवला आणि सहीच्या जागेवर बोट टेकवून उभी राहिली. बोट काढलं तेव्हा तिथं सही होती.

ठराव अडला. अध्यक्षांनी फाइल मिटली, पुन्हा उघडली आणि आवाजात मध घालून म्हणाले, "ठीक आहे. आपण सगळे समजूतदार आहोत. मधला मार्ग काढू. दोन खोल्या तुमच्या राहू द्या. ती तिसरी, मागची, तेवढी पाडून गाड्यांना वाट करू. तीन खोल्यांतली एक! एवढ्याला तर कुणाची हरकत नसावी?"

थोरली आपल्या जागेवर जाऊन बसली. तिनं सुताराकडे बघितलं. सुतारानं तिच्याकडे. मग तिनं मान खाली घातली.

एकेचाळीस माना खाली गेल्या.

पंखे गरगरत राहिले. अध्यक्षांनी रुमाल काढला. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मग सुटल्यासारखे खुर्चीत मागे रेलले. "चला, छान. लिहा, कुणाचीही हरकत..."

कारकूनबाईचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण चालत नव्हतं. "साहेब," ती म्हणाली, "ते गप्प आहेत."

"तेच तर सांगतोय."

"नाही साहेब. गप्प आहेत म्हणजे..." तिनं समोरच्या माना बघितल्या, आणि मग खाली बघून लिहायला लागली. लिहिता लिहिता स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली, "म्हणजे एकेचाळीस वेळा नाही."

अध्यक्षांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. सुतार गालात हसला, बऱ्याच दिवसांनी. "ताई," तो पुटपुटला, "एकीला तरी वाचता यायला लागलं."

थोरली उठली, गुडघे सांभाळत पुन्हा टेबलापाशी गेली आणि पोरीसमोर हात पसरला.

"विश्वास आहे गं तुझ्यावर," ती चष्मा लावत म्हणाली. "तरी दाखव."