मीकाच्या आईचा दिवा

"ज्योत काठावर ठेव, पोरी. मध्ये नको. आणि दिव्याकडे पाठ करून बसू नकोस, त्याला एकटं वाटतं."

मित्रांनो, मला कान नाहीत. तरी हा आवाज माझ्यात मुरलेला आहे, जसं तेल मुरलं तसा. तो कौनाकचा आवाज. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी सांगता यायची नाही.

मी एक जुना दगडी दिवा आहे. समईसारखा उंच नाही, निरांजनासारखा इवलासाही नाही. अर्ध्या चंद्रासारखा माझा आकार. एक काठ सरळ, दुसरा गोल, मधे उथळ पोट. लांबी दोन वीत. पृथ्वीच्या उत्तर टोकाजवळ, जिथे समुद्रसुद्धा गोठून जातो, तिथे इन्युइट लोक राहतात. मी तिथला. कौनाकच्या वडिलांनी मऊ दगडातून मला एक अख्खा उन्हाळा कोरलं आणि लेकीच्या संसारात दिलं. तिथे असंच म्हणत, दिवा आला की घर झालं.

घर म्हणजे तेव्हा बर्फाच्या विटांचं, घुमटासारखं. त्यात चूल नव्हती, कंदील नव्हता. जे होतं ते मी होतो. सीलची चरबी कुटून माझ्या पोटात घालायची, सरळ काठावर शेवाळाची आणि पांढऱ्या रानकापसाची वात ओळीने मांडायची आणि एका टोकाला ज्योत लावून काडीने हळूहळू दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची. मग माझा सगळा काठ उजळे. एक ज्योत नव्हे, ज्योतींची रांग! माझ्यावर बर्फ वितळे, मांस शिजे, ओले बूट वाळत. हे सगळं बायका करीत. रात्री दहादा उठून काडीने काठ सारखा करणं हा कौनाकचा नेम होता. तो तिने एकदाही मोडला नाही.

त्या घरात मी फार सुंदर गोष्टी पाहिल्या. नवरा सील मारून आणी, तेव्हा कौनाक आधी त्या सीलच्या तोंडात गोड्या पाण्याचा घोट सोडी. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिलेला पाहुणा तो, तहानलेलाच असणार! पाणी मिळालं की त्याचा जीव परत जाऊन भाऊबंदांना सांगे, त्या घरी जा, तिथे मान मिळतो. मुलांनी अन्न सांडलं, वाया घालवलं, तर कौनाक म्हणे, "समुद्रतळी प्राणी सांभाळणाऱ्या बाईचे केस गुंततील हो. मग ती एकही प्राणी वर सोडायची नाही." मुलं लगेच शहाणी होत.

आणि सूर्य! हिवाळ्यात तो तिकडे दोन महिने उगवतच नाही. जानेवारीत तो पुन्हा डोकावला की गावातली पोरं घरोघर धावत जाऊन सगळे दिवे फुंकून टाकत. घाबरू नका. लगेच एका नव्या ज्योतीवरून सगळ्यांचे दिवे पुन्हा पेटवले जात. नवा सूर्य, नवी ज्योत. त्या दिवशी माझा तोरा काय सांगू!

पुढे लाकडी घरं आली, वीज आली. मी पलंगाखाली गेलो. कौनाक म्हातारी झाली आणि एका हिवाळ्यात शांतपणे गेली. तिची मुलगी मीका मला पोटाशी धरून रडली.

आता तुम्ही विचाराल, मग हा दिवा जपानात, सेंदाई शहरात कसा? तर त्याला कारण एक मराठी बाई. तिचं नाव दमयंती. सेंदाईच्या विद्यापीठात ती समुद्राच्या बर्फाचा अभ्यास करते. बर्फाची नावं आणि खोडी शिकायला ती मीकाच्या गावी राहिली होती. तेव्हा तिला दिवस गेले होते. कौनाक गेली तो हाच हिवाळा. मीकाने दमयंतीच्या पोटावर हात ठेवून विचारलं, "माझ्या आईला परत यायचंय. तुझ्याकडे येऊ दे?"

त्या लोकांत अशी श्रद्धा आहे, की गेलेल्या माणसाचं नाव बाळाला दिलं की तो जीव त्या नावाबरोबर परत येतो. नुसतं म्हणायचं म्हणून नाही हं. नातंसुद्धा परत येतं. दमयंती हो म्हणाली. सेंदाईत मुलगी झाली, पाळण्यातलं नाव चैत्राली आणि दुसरं नाव कौनाक. ती तीन वर्षांची असताना दमयंती तिला गावी घेऊन गेली, तर सत्तरी ओलांडलेली मीका गुडघ्यांवर बसली आणि त्या चिमुरडीला म्हणाली, "आनाना!" म्हणजे आई.

मग मला जाड लोकरी कापडात गुंडाळून तिने चैत्रालीच्या मांडीवर ठेवलं. सोबत शेवाळाची एक पिशवी दिली. "हा हिचाच आहे," ती दमयंतीला म्हणाली. "ही दहा वर्षांची झाली, की सूर्य परत येतो त्या दिवशी हिच्या हाताने पेटव. मला बघायचंय." दमयंतीने वचन दिलं.

मित्रांनो, वचन देणारी माणसं वाईट नसतात, पण कामात असतात. सेंदाईच्या फ्लॅटमध्ये मला दाराशी चपलांच्या कपाटावर जागा मिळाली. माझ्या पोटात किल्ल्या पडल्या, रेल्वेची कार्डं पडली, दुकानांची कूपनं पडली. चैत्रालीचे बाबा जगदीश एकदा घर बदलताना म्हणाले, "अगं, हा दगड कुठल्या कचऱ्यात जातो? मोठ्या की न जळणाऱ्या?" जपानात कचऱ्याचे प्रकार आणि ते टाकायचे वार ठरलेले असतात. दमयंती ओरडली म्हणून वाचलो. पण पुन्हा किल्ल्याच वाट्याला आल्या. सात वर्षं कुणी माझ्याकडे तोंड करून बसलं नाही.

मग या हिवाळ्यात दमयंती कामासाठी मीकाच्या गावी गेली. जगदीश नोकरीपायी नागोयाला, शनिवार-रविवारी येणार. म्हणून चैत्रालीजवळ राहायला पुण्याहून तिची आजी आली, जगदीशची आई, जयंतीबाई. रोज पहाटे अंघोळ, रोज पोथीचा एक अध्याय, रोज एकवीस वाती वळल्याशिवाय चहा नाही. माझ्याकडे पाहताच त्या म्हणाल्या, "अगोबाई, दिव्यात किल्ल्या?" आणि मला उचलून त्यांनी घासायला घेतलं. चिंच लावली, मीठ लावलं. "एवढी काठावरची काजळी काही निघत नाही मेली!"

आठवड्याभराने दमयंतीचा निरोप आला. मीका आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्या डोळ्यांत अंधार उतरतो आहे, डॉक्टर म्हणतात पुढच्या हिवाळ्यापर्यंत काही दिसणार नाही. जानेवारीच्या चौदा तारखेला सेंदाईत सकाळचे सात वाजतील, तेव्हा गावात आदली संध्याकाळ असेल. त्या दुपारी तिथे सूर्य डोकावलेला असेल. सगळे शाळेच्या हॉलमध्ये जमून दिवे विझवतील आणि पडद्यावर वाट पाहतील. चैत्रालीने मला पेटवलं, की मग मीका आपला दिवा लावणार. "तिला आईच्या हातची ज्योत एकदा बघायची आहे. कसा लावायचा ते उद्या फोनवर सांगते."

पण दुसऱ्या दिवशी तिथे बर्फाचं वादळ आलं आणि फोन, इंटरनेट सगळं बंद पडलं.

"काही अडत नाही," जयंतीबाई म्हणाल्या. "दिवा लावायला शिकवणी कशाला? चाळीस वर्षं वाती वळतेय मी."

"आजी, पण ती मीका मला आई म्हणते. ते वीयर्ड आहे ना?"

"वीयर्ड कसलं? तू तिची आई, म्हणजे ती माझी पणती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची पणती मला! ओटी भरायला हवी तिची."

"आणि गेलेल्या माणसाचं नाव असलेल्या मुलीला तिथे कुणी ओरडत नाही. ममा म्हणाली."

"इथे ओरडतात. दूध संपव."

घरात उघडी ज्योत लावायला बंदी होती. म्हणून तळमजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण सातो-सान, म्हणजे सातोबाई, यांच्याकडे त्यांच्या लहानशा अंगणात जागा मागितली. चैत्राली जपानीत बोलली, जयंतीबाई नुसत्या हात जोडून हसल्या. सातो-सान आत गेल्या आणि पाण्याने भरलेली बादली घेऊन बाहेर आल्या. विस्तवाशेजारी पाणी हवंच, हा त्यांचा नियम. "दोझो," म्हणाल्या, करा म्हणून.

तेरा तारखेच्या दुपारी रंगीत तालीम झाली. जयंतीबाईंनी मला कुंकू लावलं, तूप घातलं आणि माझ्या पोटाच्या बरोबर मध्यावर एक सुबक फुलवात उभी केली. निरांजनात असते ना, तशी. चैत्रालीने काडी लावली. ज्योत जेमतेम उभी राहिली, वाऱ्याने आडवी झाली, तुपात बुडाली. दुसरी फुलवात, तिसरी. प्रत्येक वेळी नुसता धूर. मी आतून ओरडत होतो, मध्ये नको, काठावर! पण दगडाचं कोण ऐकतं?

"ती शेवाळाची पिशवी कुठेय आजी? ममा म्हणाली होती त्यात वात आहे."

जयंतीबाईंचा चेहरा उतरला. "ते वाळकं गवत? अगं, मंगळवारी टाकलं मी. तूच शिकवलंस ना, जळणारं ते जळणाऱ्या कचऱ्यात."

चैत्राली हसली नाही. ती बर्फातच बसली आणि तिचे डोळे भरून आले. "मी तिची खरी आई असते तर मला आलं असतं. उद्या ती बघेल आणि तिला कळेल की मी कुणीच नाहीये."

जयंतीबाई तिच्याशेजारी बसल्या. थंडीत, गुडघे दुखत असताना, खाली. "चूक माझी गं बाळा. मला वाटलं, सगळ्या दिव्यांना माझीच रीत लागते." मग म्हणाल्या, "मला येत नाही. तू बघ बरं नीट, काय दिसतंय."

आणि मित्रांनो, सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे नीट पाहिलं. चैत्रालीने हातमोजा काढला. तिचं बोट माझ्या पोटावरून फिरलं, गोल काठावरून फिरलं आणि सरळ काठाशी थबकलं.

"आजी, काळं फक्त इथे आहे. मध्ये काहीच नाही. ज्योत इथे असायची! आणि बघ, सगळीकडे सारखं काळं आहे. म्हणजे एक नाही, खूप. रांग."

"म्हणून ती काजळी निघत नव्हती होय!" जयंतीबाईंनी कपाळाला हात लावला. "बरं झालं नाही निघाली. देवच पावला."

मग धावपळ! सातो-सानना शेवाळ हवं म्हटल्याबरोबर त्यांनी आपल्या बोन्साय कुंड्यांखालचं हिरवं शेवाळ अलगद सोडवून ताटलीत दिलं आणि घरातल्या हीटरवर वाळवायलाही ठेवलं. जयंतीबाईंनी पुण्याहून आणलेला कापूस पिंजला. "एकवीस वातींचा नाही, आज एकशेएक वातींचा कापूस," म्हणत त्यांनी शेवाळ आणि कापूस मळून एकच लांब वात माझ्या काठाएवढी केली. तूप गोठतं म्हणून तुपाऐवजी तिथलं रोजच्या स्वयंपाकाचं साधं तेल आणलं. काडी म्हणून उदबत्तीची.

चौदा तारखेची सकाळ. अंगणात ताजा बर्फ. टॅबलेट खुर्चीवर, खुर्चीशेजारी बादली. वादळ शमलं होतं. पडद्यावर हॉल दिसला, अंधारा, माणसांनी भरलेला. मधोमध दमयंती आणि तिच्या दंडाला धरून मीका.

चैत्रालीने एका टोकाला ज्योत लावली. ती थरथरली, मी श्वास रोखला. तिने काडीने हलकेच तेल पुढे ओढलं. ज्योत बोटभर सरकली, वीतभर सरकली. मधे एके ठिकाणी विझू लागली, तर तिने घाई केली नाही. तेवढंच शेवाळ दाबलं, वाट पाहिली. कुणी शिकवलं तिला हे? मला ठाऊक नाही. कौनाक मात्र अगदी असंच करायची. मग बघता बघता माझा सगळा काठ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पेटला! ज्योतींची रांग, मित्रांनो! कितीतरी हिवाळ्यांनंतर! आणि त्याच क्षणी सेंदाईचा सूर्य समोरच्या छपरावर आला.

पडद्यावर मीकाने चेहरा अगदी जवळ आणला. "सरळ आहे का रांग?" तिने दमयंतीला विचारलं.

"सरळ आहे."

"आईची नेहमी सरळ असायची." मग ती हसली, सगळे दात दाखवून. "आनाना, तू परत आलीस. आणि अजूनही डावीकडून लावतेस!"

मीकाने आपला दिवा पेटवला. तिच्या दिव्यावरून दुसऱ्याने, त्याच्यावरून तिसऱ्याने. अंधारा हॉल उजळत गेला. तिथे टाळ्या, इथे सातो-सान टाळ्या वाजवताहेत आणि जयंतीबाई पडद्याकडे पाहून कुंकवाचं बोट हवेतच टेकवताहेत. "पणतीबाई, औक्षवंत व्हा!"

मीकाने एकच मागितलं. "इथला सूर्य अजून लहान आहे. क्षितिजावर हात धरला तर हातमोज्याएवढा वर यायला हवा, तेव्हा तो खरा आला म्हणायचा. मला दिसेल तोवर रोज थोडी ज्योत दाखवशील?"

"दाखवीन," चैत्राली म्हणाली. आणि आजीकडे वळून, "याला तू नेम म्हणतेस ना?"

मित्रांनो, घरात जुनी वस्तू असेल तर तिला नुसती पुसून ठेवू नका. तिच्यावर काळं कुठे आहे, झीज कुठे आहे, ते बोट फिरवून बघा. कुणाचा तरी हात तिथे रोज लागलेला असतो. तिचं काम तिला परत द्या आणि तिच्याकडे तोंड करून बसा. एवढंच मागणं आहे.

आज पंधरा तारखेची सकाळ. जयंतीबाई पोथी वाचताहेत, दार अर्धं उघडं आहे. चपलांच्या कपाटावर किल्ल्यांचा ढीग आहे, त्या आता दुसरी जागा शोधतील. चैत्रालीने शाळेचं दप्तर खाली ठेवलं, बूट घातले, टॅबलेट काखेत धरला आणि मला दोन्ही हातांनी उचललं. कुणाला हाक मारली नाही. एकेक पायरी जपून उतरत ती अंगणाकडे निघाली. खाली बादली भरून ठेवलेली होती.