उंट

“आणि पहारेकरी काय करत होता? भोंगा न वाजवताच पळाला, पायाला भिंगरी लावून!”

खोऱ्याकडे हात करून बाई म्हणाल्या, आणि कठड्याशी उभे असलेले पाहुणे खळखळून हसले. सतरा वर्षं बाई या पॉइंटची देखभाल करत होत्या. बाकं पुसायची, नळ बघायचे, लोकांनी डबे खाऊन टाकलेला कचरा उचलायचा आणि आल्यागेल्याला खालच्या खाणवस्तीची गोष्ट सांगायची. दरड कोसळून वस्ती गाडली गेली, ती. कठड्याजवळच्या पाटीवर चारच ओळी होत्या, त्यातली एक पहारेकरी पळाल्याची; मीठमसाला बाईंचा. आवाज असा खणखणीत की पार्किंगपर्यंत ऐकू जाई.

पाहुणे पांगले. कोपऱ्यातल्या बाकावर लेकीबरोबर बसलेला म्हातारा मात्र हसला नव्हता. पुढ्यातला डबाही त्यानं उघडला नव्हता.

“काय बाबा, जेवत नाही?” बाईंनी विचारलं.

“तो पळाला नाही,” म्हातारा म्हणाला. “माझा थोरला भाऊ तो. भोंग्याची तार तुटली होती. म्हणून धावत शाळेत आला. आम्हा पोरांना ओढ्याच्या वाटेनं वर काढलं. मी सात वर्षांचा, भोकाड पसरून बसलेलो. मला तर कान धरून उठवलं.”

“आणि तो?”

“मास्तरीणबाई मागे राहिलेल्या. त्यांना आणायला परत गेला. दरडीखाली मेला तो चौकीपासून लांब सापडला, म्हणून पळपुटा ठरला. आई सांगून सांगून थकली. बघणारी आम्ही पोरंच, आणि पोरांचं कोण ऐकतं?”

“बाबा, असू दे. निघू या,” लेक हळूच म्हणाली.

“असू दे कसं?” बाई बाकावर टेकल्या. सतरा वर्षं आपण या माणसावर हशा पिकवला, या विचारानं त्यांचे कान तापले. “पाटीचं मी बघते. बदलेपर्यंत हापिसातल्या साहेबांच्या दारातून हलणार नाही. पण माझं तोंड काही साहेबांचं नाही, गोष्ट आजपासूनच बदलते. घरी काय म्हणायचे त्याला?”

“मी दादा म्हणायचो. वस्तीत सगळे उंट म्हणायचे. उंच होता ना.”

तेवढ्यात एक बस येऊन थांबली. माणसं कठड्याशी जमली. बाईंनी पदर खोचला आणि घसा साफ केला.

“खाली एक वस्ती होती. तिथं एक पहारेकरी होता, त्याला सगळे उंट म्हणायचे...”

मागे म्हातारा लेकीचा हात सोडून उभा राहिला, आणि गोष्ट संपेपर्यंत बसला नाही.