मिरचीवरची करणी

गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी इमारत वर लोटली होती आणि मिरचीच्या तीस कुंड्यांमध्ये दृष्टिहर महाराज डोळे मिटून उभे होते. प्रत्येक कुंडीत काडीला एक पिवळाधमक कागद, त्यावर मंतरलेलं तेल. महाराजांनी काठीने झाडं हलवली मात्र, कागदांवर पांढरे ठिपके उमटू लागले.

"बघा, करणी बाहेर पडतेय," महाराज म्हणाले. "ही ब्रह्मांडातली बाधा. औषधाच्या बापानेही हटायची नाही."

महिनाभर पानं आकसत होती, फुलं गळत होती. आता कारण सापडलं म्हणून माणसांना हायसं वाटलं.

इस्त्रीवाल्या मावशीला मात्र दरदरून घाम फुटला होता. टाकीपलीकडच्या तिच्या दोन कुंड्यांतले कागद कोरे होते, आणि महाराजांनी आधीच बजावलं होतं, ज्याचं झाड कोरं, करणी त्याचीच. नुसत्या संशयावरून तिचं जिन्याखालचं इस्त्रीचं टेबल सकाळीच फाटकाबाहेर गेलं होतं. आता इमारतीतली तिची वीस वर्षांची राहती खोलीही जाणार होती.

"संध्याकाळपर्यंत सामान हलव," सेक्रेटरीकाका तिच्याकडे न बघता म्हणाले.

"दहा मिनिटं थांबा," दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या विज्ञानाच्या शिक्षिका, बाई, पुढे आल्या. त्यांच्या हातात डब्यांची दोन झाकणं होती, एक पिवळं, एक निळं. दोन्हींना एरंडेल फासलेलं.

"मंत्राविना काही व्हायचं नाही," महाराज हसले.

"मग होऊ द्या की माझी फजिती."

बाईंनी झाकणं काकांच्याच कुंडीत रोवली आणि झाड हलवलं. बघता बघता पिवळं झाकण ठिपक्यांनी भरलं, निळ्यावर जेमतेम तीन. बाईंनी काकांच्या हातात भिंग दिलं.

"काका, करणीला पाय किती?"

काका बराच वेळ वाकून होते. "सहा," ते पुटपुटले. "पंखही आहेत."

"पांढरी माशी आहे ही. पिवळ्या रंगाकडे झेपावते आणि तेलात अडकते. मंत्र लागतच नाही."

"मग हिचीच झाडं कोरी कशी?" महाराज खेकसले.

याचं उत्तर बाईंनाही ठाऊक नव्हतं. सगळ्या नजरा मावशीकडे वळल्या. आता बोललं नाही तर खोली गेलीच.

"कपड्यांवर पाणी मारायची बाटली आहे ना माझी," ती कशीबशी म्हणाली. "एक दिवसाआड तीत साबणाचं पातळ पाणी करते आणि पानाखालून मारते. माशी खालीच बसते. वहिनी, मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, तू कपडे बघ."

वहिनींनी, म्हणजे काकांच्या बायकोने, आपल्या झाडाचं एक पान उलटलं. खालची बाजू माश्यांनी पांढरी झाली होती. दुसरं उलटलं, तेही तसंच. तोपर्यंत महाराजांनी जिना गाठला होता, कागद तसेच टाकून.

"मावशी, ती बाटली देशील?" वहिनींनी विचारलं.

"देते की. आधी माझं टेबल आत आणा." ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी माणसाला घराबाहेर काढण्याआधी पान तेवढं उलटून बघा."

काका टेबल आणायला खाली उतरले. त्यांच्या अंगातला कडक शर्ट कालच तिने त्याच टेबलावर इस्त्री केला होता.