स्पीकरची खोळ

आमचे भाऊजी खुशालराव यांना एखादी वस्तू आवडायची तर ती आधी महाग असावी लागते. स्वस्तात आणलेल्या आंब्याची कोयसुद्धा त्यांना मोठी दिसते. बार्शीटाकळीला काळीभोर जमीन, अकोल्याच्या जुन्या शहरात घर, एकुलती एक मुलगी शालू मूर्तिजापूरला चांगल्या घरी दिलेली. त्यामुळे हा शौक त्यांना शोभून जाई. साठ-बासष्ट सालची गोष्ट असेल. घरात रेडिओ होता आणि उत्तम वाजत होता. तरी भाऊजींनी मुंबईहून रेडिओला जोडायचा विलायती स्पीकर मागवला. सागवानी पेटी, समोर सोनेरी जाळी, उंची आमच्या बहिणीच्या कमरेपर्यंत. दुकानदार मात्र भला माणूस निघाला. पसंत पडला नाही तर दोन महिन्यांत परत घेऊ म्हणाला.

किंमत मी विचारली नाही, भाऊजींनी आपणहून सांगितली. तेवढ्यात चांगली बैलजोडी आली असती, आणि वर घुंगुरमाळा.

माझी मोठी बहीण मैनाबाई हिने त्या सुमारास मला अमरावतीला निरोप धाडला, "येऊन जाय. तुह्या भाऊजीच्या कानाचं काहीतरी कर." मला वाटलं, कान फुटला. मी कानात घालायचं तेल घेऊनच गेलो.

पाहतो तर भाऊजी ओसरीवर डोळे मिटून बसलेले आणि समोर ती पेटी. मी रामराम केला. त्यांनी डोळे न उघडता हात वर केला.

"चूप, जानराव. ऐकून राहिलो."

पेटीवर लाल खोळ चढवलेली होती. आत बोटभर जाड कापूस, वर पिवळ्या दोऱ्याचे दोन मोर. आमच्याकडे नवी वस्तू घरात आली की तिला आधी हळदकुंकू आणि मग खोळ. शिवणाची मशीन असो, ट्रंक असो, सायकलची सीट असो, उघडं कोणी राहायचं नाही. मैनाबाईने तर घरच्या शेतातला निवडक कापूस भरला होता आणि पेटी पुढून-मागून अगदी बाळंतिणीसारखी गुंडाळली होती.

"काय आवाज हाय!" गाणं संपल्यावर भाऊजी म्हणाले. "लोनी! पैशाले मोल आलं का नाई?"

मला तर तो आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटला. पण मेहुण्याने भाऊजींच्या घरी पहिला चहा होईपर्यंत भांडू नये.

चहा करताना मैनाबाईने चुलीपाशी सगळं सांगितलं. शालूला दिवस गेले होते. मूर्तिजापूरच्या विहीणबाईंनी कळवूनही बरेच दिवस झाले होते, आणि होणाऱ्या आजोबांना अजून पत्ता नव्हता.

"मंग सांगत काहून नाईस?"

"कवा सांगू? संध्याकाळी आमी दोघं ओसरीवर बसत होतो. ते शेंगा फोडत, मी बोलत होती. आता माह्या जागेवर तो डबा बसून राहिला. तोंड उघडलं का चूप म्हनतेत. रेडिओ बंद झाला का घोरतेत."

"जोरानं सांग."

"पोटुशी लेकीची गोष्ट का हाका मारून सांगू? साऱ्या बोळीले ऐकू जाईन."

बोळीतल्या एकूण एक बाईला ते ठाऊक होतं, हा भाग वेगळा. पुरुषांनाही घरोघरी कळलं होतं. पण मुलीच्या बापाजवळ असा विषय कोण काढणार? त्यामुळे जुन्या शहरात आपण आजोबा होणार हे माहीत नसलेला माणूस एकच उरला होता, आणि तोच रोज कान लावून बसत होता.

"मी सांगू का?" मी विचारलं.

"सांगून पाय!" तिने हातातला चिमटाच उगारला. "तो माहा हक्क हाय. त्याईनं मले विचारलं पायजे, का बाई काय म्हनतं."

हे बोलताना तिचे डोळे भरले. धूर असेल म्हणून मी सोडून दिलं असतं, पण चूल चांगली पेटली होती. मला भाऊजींचा खरोखर राग आला.

पुढच्या रविवारी मी अमरावतीहून माझा स्पीकर घेऊन आलो. साध्या लाकडाची पेटी, पंच्यात बांधलेली. सोबत रेडिओ दुरुस्त करणारा चंद्रभान.

"भाऊजी," मी म्हणालो, "तुमच्या डब्याचा आन् माह्या डब्याचा आवाज सारखाच. न पाहता वळखून दाखवा. चुकले तर तुमचा डबा परत."

"परत? अन् मी जितलो तर?"

"तर मी जलमभर चूप."

ही अट त्यांना फारच आवडली.

लग्नात अंतरपाट धरतात तसं ओसरीत धोतर आडवं बांधलं. अलीकडे भाऊजी आणि मी, पलीकडे दोन्ही पेट्या, चंद्रभान आणि मैनाबाई. चंद्रभानला तारा जोडायच्या होत्या म्हणून मैनाबाईने मोठ्या पेटीवरची खोळ काढली. नागपूर केंद्रावर गाणं लागलं होतं.

पहिल्या पेटीतून बाईचा आवाज असा स्वच्छ आला, की तिने मध्येच घेतलेला श्वासही ऐकू यावा. भाऊजींनी तोंड वाकडं केलं.

"हे तुमचं पत्र्याचं काम, जानराव. कान खरवडून राहिलं."

चंद्रभानने तारा बदलल्या. दुसरा आवाज आला, मऊ आणि दबलेला. भाऊजींनी मांडीवर थाप मारली.

"हा माहा! हे लोनी! सोडा ते धोतर!"

मी दोरी सोडली. वाजत होती ती माझी साधी पेटी, आणि तिच्या अंगावर दोन मोरांची खोळ होती. विलायती पेटी बाजूला उघडी, गप्प उभी. मैनाबाईने खोळ मुद्दाम घातली की रिकाम्या हातांच्या सवयीने, ते ती आजही सांगत नाही.

भाऊजींनी जवळ जाऊन त्या मोरांवर बोट फिरवलं.

"हे खोळ कवा घातली होती?"

"डबा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुमच्या डोयापुढं."

"मले सांगितलं काहून नाई?"

"सांगाचं तर लय काही होतं," मैनाबाई म्हणाली.

ती काही रागाने बोलली नाही. म्हणूनच की काय, भाऊजी उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने रेडिओ बंद केला. ओसरी एकदम मोठी वाटू लागली.

"काय सांगाचं होतं, बाई?"

मी आणि चंद्रभान उगाच तारा गुंडाळू लागलो. मैनाबाईने पदर सावरला, त्यांच्या कानाशी गेली आणि सांगितलं.

भाऊजींच्या मिशीखाली हसू फुटत होतं आणि डोळ्यांतून पाणी.

"आपल्या शालूले? अन् तू मले आता सांगून राहिली?"

"मी तवाच सांगाले आली होती, या इथं उभी राहून. तुमी म्हनलं, बाजूले हो, तुह्या लुगड्यानं आवाज अडून राहिला."

भाऊजींनी स्वतःचाच कान धरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी स्वतः स्टेशनवर नेऊन मुंबईला पाठवून दिली, आणि संध्याकाळी ओसरीवर शेंगांची टोपली घेऊन बसले.

खरं सांगू? बिनखोळीची ती विलायती पेटी फार सुरेख वाजली होती. मोजलेला पैसा तिने चोख फेडला असता. पण हे मी भाऊजींना कधी सांगितलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

शालू बाळंतपणाला अकोल्याला आली, मुलगा झाला. खोळ उसवून मैनाबाईने त्याच कापडाचं, त्याच कापसाचं दुपटं शिवलं. बाळ मोरांवर निजू लागलं, आणि भाऊजी रोज संध्याकाळी ओसरी सोडून त्याच्या पाळण्यापाशी. बाळ नुसतं हुं म्हणालं तरी त्यांचे डोळे मिटत.

पुढे एकदा गेलो तेव्हा मैनाबाई दारातून सांगत होती, "आवो, म्हैस सुटली!"

भाऊजींनी डोळे न उघडता हात वर केला. "चूप. ऐकून राहिलो."

म्हणजे माझ्या बहिणीची गत पुन्हा पहिल्यासारखीच. पण या वेळी तिने मला भाऊजींच्या कानाचं काही कर म्हटलं नाही. म्हैस तशीच सोडून तीही पाळण्याशी येऊन बसली.