माझ्या नावावर पेटलेला दिवा

मित्रांनो, सायकलच्या चाकाला घासून दिवा लावणारा मी एक जुना डायनॅमो आहे. नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट शहरात एका नर्सबाईंच्या सायकलवर मी बावीस वर्षं काढली. मी चाकाला टेकलो की सायकल जड व्हायची, म्हणून त्या कुरकुरायच्या; पण हिवाळ्यातल्या अंधाऱ्या सकाळी त्यांना रस्ता मीच दाखवला. मग बॅटरीवरचे दिवे आले आणि माझी रवानगी जुन्या वस्तूंच्या दुकानात झाली. बॅटरीशी माझं तेव्हापासून वाकडं आहे.

दुकानातून मला अकरा वर्षांच्या संहिताने उचललं. ती आयंडहोवनजवळच्या एका गावात राहते. तिथल्या उन्हाळी जत्रेत मुलं स्वतः केलेलं काहीतरी मांडतात. कोणी वाढवलेला भोपळा आणतं, कोणी पाळलेला ससा. संहिताला पवनचक्की मांडायची होती. तिने लहान सायकलचं चाक उभं केलं, त्याला दुधाच्या रिकाम्या कॅनची पाती बांधली आणि मला टायरला टेकवलं. पाती वाकडीतिकडी होती. तरी परसात वारा सुटला की माझा दिवा लुकलुकायचा. इतक्या वर्षांनी कामाला लागलो, म्हणून मी खूप खूश होतो.

जत्रेच्या दिवशी नेमका वारा पडला. संहिताचे बाबा, शैलेंद्र, इंजिनिअर आहेत. क्लायंटसमोर डेमो फसू नये म्हणून मागे एक सोय करून ठेवायची, ही त्यांची ऑफिसातली सवय. संहिता नाव नोंदवायला गेली तेव्हा त्यांनी माझ्या खालच्या खोक्यात गुपचूप बॅटरी बसवून तिची तार दिव्याला जोडली.

चाक कसंबसं फिरत होतं आणि दिवा मात्र लख्ख! लोक थांबून माझं कौतुक करू लागले. संहिताचा चेहरा फुलला. मला तोंड असतं तर मी तिथेच सांगून टाकलं असतं.

थोड्या वेळाने परीक्षक आजीबाई आल्या. त्यांनी सहज चाकावर हात ठेवला. चाक थांबलं. दिवा जळतच राहिला. हे कसं काय, असं त्यांनी डचमध्ये विचारलं. संहिताने खोकं उघडलं आणि बाबांकडे पाहिलं.

"अगं, बॅकअप म्हणून. तुझी फजिती नको व्हायला."

"बाबा, इट वॉज माय प्रोजेक्ट," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मग तिने बॅटरीची तार स्वतः काढली. दिवा विझला. आजीबाईंना तिने डचमध्ये खरं काय ते सांगितलं आणि बॅटरी बाबांच्या हातात ठेवली.

बक्षीस सशाला मिळालं. कधी पेटणार हा दिवा, असं विचारणाऱ्यांना ती "वारा आला की" एवढंच सांगत उभी राहिली. तीन तास वारा आला नाही. बाबाही तिच्या शेजारी उभे होते. दोनदा त्यांचा हात माझ्या तारांकडे आला आणि दोनदा त्यांनी तो मागे घेतला. त्या दिवशीची सगळ्यात अवघड मेहनत तीच असावी.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना फेकू नका. तेलाचा एक थेंब आम्हाला पुरतो. आणि तुमच्या आईबाबांना माझा एक निरोप द्या: वारा नसेल तेव्हा आम्हाला विझलेलं राहू द्या.