शंभरावी धाव

मी बॅट बोलतेय. गावच्या क्रिकेट क्लबची एकुलती एक बॅट. तशी दुसरीही होती, पण ती सुताराने दाराच्या उरलेल्या फळीतून काढलेली. तिला बॅट म्हणायचं ते केवळ सुताराचा मान राखायला.

त्यामुळे क्लबचा एक नियम होता. खेळणाऱ्याच्या हाती मी, समोरच्या टोकाला उभा असेल त्याच्या हाती फळी. एक धाव निघाली की दोघं खेळपट्टीच्या मधोमध थांबायचे, अदलाबदल करायचे आणि पुन्हा पळत सुटायचे. पाहुणे संघ पोट धरून हसत. आमची माणसं मात्र लग्नात हार घालावेत इतक्या गांभीर्याने हे करत.

शतक क्लबात कुणाच्याच नशिबी नव्हतं. कंपाउंडरने एकदा सत्तर धावा काढल्या होत्या. त्या सांगताना दरवर्षी चार-पाचने वाढत.

मग तो सामना आला! शिंप्याचा हा शेवटचा मोसम. गुडघे शिलाई मशीनपेक्षा जास्त वाजत होते. पण त्या दिवशी त्याने मला असं फिरवलं की चेंडू कुंपणापलीकडे शोधायला माणसं कमी पडली. शेवटचा चेंडू उरला तेव्हा शिंपी नव्व्याण्णववर, आणि समोर फळी घेऊन त्याचा धाकटा मेहुणा.

शिंप्याने चेंडू ढकलला, धावला आणि मधोमध येऊन चक्क थांबला. मला पुढे करत म्हणाला, "घे."

"अहो दाजी, शेवटचा चेंडू होता! आता बॅट काय करू? पळा!"

"नियम म्हणजे नियम. धर आधी."

"ताईची शपथ आहे तुम्हाला, पळा!"

नियमापेक्षा बायको मोठी. शिंपी सुटला! मागून चेंडू आला, त्याने अंग झोकून दिलं, मी माती उडवत रेघेपार घुसले आणि मग स्टंप उडाले. अंपायर हेडमास्तर ओरडले, "नाबाद!" आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला पास केल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

माझं टोक तेव्हाच तडकलं. आता मी क्लबच्या भिंतीवर असते. मेहुणा पाहुण्यांना सांगतो, "दाजींनी षटकार ठोकून शतक केलं!" परवा शिंप्याची बायकोही ऐकत होती.

शिंपी तिला हळूच म्हणाला, "छे गं. एकच धाव होती. तीही तुझ्या भावाने पळवलं म्हणून."

सेक्रेटरी म्हणतात, मला घासूनपुसून नवा रंग द्यायचा. द्या. पण तडकलेल्या टोकात थोडी माती अडकली आहे, तेवढी काढू नका. ती शंभरावी धाव आहे.