पॉलिसीभाऊंच्या टाळूवरचा व्रण

जन्मतःच त्यांच्या टाळूवर कोटाच्या बटणाएवढ्या जागेत कातडीच नव्हती. जखम यथावकाश भरली, पण तिथे केस काही उगवले नाहीत; उरला तो गुळगुळीत, चकचकीत व्रण. तो झाकायला पॉलिसीभाऊ रोज सकाळी डावीकडचे केस उजवीकडे आणून पाण्याने चोपून बसवत.

विमा विकणं हा त्यांचा धंदा आणि लोकांच्या पोटात गोळा आणणं ही त्यांची कला. समोरचा "मला काय धाड भरलीय?" म्हणाला की भाऊ खुर्ची पुढे ओढत, आवाज खाली आणत. "ते दुसऱ्यांनाच होतं असं प्रत्येक जण म्हणतो, साहेब. आणि दुसऱ्यांच्या लेखी दुसरे आपणच असतो." गिऱ्हाईक सही करून मोकळं.

तर या भाऊंच्या व्रणावर एक फोड आला. खपली धरायची, कंगवा लागला की निघायची, उशीला रक्ताचा डाग पडायचा. भाऊंनी कंगवा बदलला. मग साबण बदलला. मग गडद रंगाचा अभ्रा आणला. तेव्हा मात्र बायकोने त्यांना हाताला धरून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "जन्मापासूनच्या अशा व्रणात खूप वर्षांनी क्वचित कर्करोग होतो. होतोच असं नाही. पण जखम महिनोन्‌महिने भरत नाही म्हटल्यावर तुकडा काढून तपासायला हवा."

"क्वचित म्हणालात ना?" भाऊ उठलेच. "मग ते दुसऱ्या कुणाला होत असेल."

बायकोने खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला. "असं प्रत्येक जण म्हणतो, साहेब."

भाऊ पुन्हा खाली बसले. ते वाक्य त्यांना गिऱ्हाईकाच्या बाजूने कधी ऐकायला मिळालं नव्हतं. भलतंच परिणामकारक होतं.

तपासणीत कर्करोगच निघाला. पण लहान, खोल न गेलेला. ऑपरेशनच्या दिवशी डोकं भादरलं तेव्हा भाऊ रडले. रोगासाठी की केसांसाठी, हे बायकोने विचारलं नाही; हात धरून बसून राहिली. डॉक्टरांनी व्रणासकट सगळं काढलं आणि तिथे मांडीची कातडी लावली.

आता भाऊ उघड्या डोक्याने विमा विकतात; उन्हात तेवढी टोपी. कुणी कां कूं केलं की वाकून टाळू दाखवतात. "मला संशय आला आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठला. तब्येतीच्या बाबतीत आपली हयगय नाही."

पहिल्यांदा हे कानावर पडलं तेव्हा बायको इस्त्री तशीच ठेवून बाहेरच्या खोलीत आली. चार शब्द सुनवायचेच होते. तेवढ्यात गिऱ्हाईक चाचरत म्हणालं, "माझ्या आईच्या पायावर भाजल्याचा जुना डाग आहे. हल्ली तिथून सारखं पाणी येतं."

भाऊंनी पुढ्यातले कागद आवरले. "उठा. आधी आईंना डॉक्टरकडे नेऊन आणा. विम्याचं मागाहून बघू."

धंद्यात एवढं मोठं पाप त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. बायको आत जाऊन पुन्हा इस्त्रीला लागली.